घर किरायाने देण्यापूर्वी माणूस कसा पारखावा?



बाजारातून बैलजोडी आणायची तर आपण काय काय करतो! दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. बेणं घ्यायचं तर मळ्यावर जाऊन ऊस चिरून पाहतो, आत लाल कुज तर नाही ना, शेंड्याला काणी तर नाही ना. तोडणीच्या मुकादमाला उचल देताना तर दहा ठिकाणी विचारपूस होते. मागच्या हंगामात टोळी कुठे होती, पूर्ण हंगाम थांबली की अर्ध्यातून निघून गेली, जामीनदार कोण? एवढं सगळं करणारा आपला शेतकरी नागपुरातलं दहा-वीस लाखांचं घर मात्र कोणाच्या हाती देतो? दलालाने आणलेल्या पहिल्याच माणसाच्या! "चांगला दिसतो, बोलायला गोड आहे, अॅडव्हान्स रोख देतोय," एवढ्यावर किल्ली देऊन आपण संध्याकाळची बस धरून गावी परततो.

हा विषय साखर कारखान्याच्या अंकात कशाला, असे काही सभासद विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या भागातील पुष्कळ घरांनी नागपुरात पाय रोवला. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी मानेवाडा, बेसा, हिंगणा या बाजूला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. कोणाची जमीन समृद्धी महामार्गात गेली, त्याच्या मोबदल्यातून फ्लॅट घेतला. मुलं शिकून पुण्या-मुंबईला गेली आणि घर रिकामं राहिलं. उसाचं बिल हंगामात येतं, घराचा किराया मात्र दर महिन्याला येतो. अडीअडचणीला तो मोठा आधार आहे. पण माणूस चुकीचा निघाला तर हाच आधार गळ्यातलं लोढणं होतो. म्हणून या अंकात किरायेदार कसा पारखावा, काय विचारावे, काय विचारू नये आणि कागद कसे करावेत, याची माहिती आम्ही देत आहोत.

जुनी भीती आणि आजचा कायदा

आपल्याकडे वडीलधारी मंडळी अजून म्हणतात, "किरायेदार ठेवला की घर गेलं समजा." ही भीती हवेतून आलेली नाही. नागपूर-विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. त्यात घर खाली करून घ्यायचे तर आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज करून परवानगी मिळवावी लागे. परवानगी मिळाली की मग नोटीस, नोटिशीनंतर दिवाणी दावा, दाव्यानंतर अपील. महाल, इतवारी, सीताबर्डीच्या जुन्या वाड्यांमधून अशी प्रकरणे बापाकडून मुलाकडे चालत आली. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. तिथे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला, तेव्हा तर घरमालकांनी हायच खाल्ली. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा लागू होता. एका राज्यात तीन भागांत तीन कायदे, असा तो कारभार होता.

३१ मार्च २००० पासून हे तिन्ही बाजूला होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. आपल्या दृष्टीने त्यातली दोन कलमे नीट समजून घ्यावीत.

पहिले कलम २४. राहण्यासाठी घर लिव्ह अँड लायसन्सवर दिले, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती वापरायची परवानगी दिली, तर मुदत संपताच त्या माणसाने घर परत करायचे आहे. न केल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर जितके दिवस तो बसून राहील तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम द्यायला तो बांधील असतो. लेखी करारात जे लिहिले तेच यात पुरावा म्हणून धरले जाते.

दुसरे कलम ५५. करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, किरायेदाराची नव्हे. नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला, तर काय ठरले होते याबद्दल किरायेदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

"अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही," असे दलाल सर्रास सांगतात. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यावरून अकरा महिन्यांची चाल पडली हे खरे. पण महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिने असोत की तीन वर्षे, नोंदणी लागतेच. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून काम भागत नाही.

आणखी एक गैरसमज असा की बारा वर्षे राहिला की किरायेदार मालक होतो. तसे नाही. जो तुमच्या परवानगीने आत आला, किराया देत राहिला, तो वर्षे मोजून मालक होत नाही. मात्र कागद नसेल, पावती नसेल, किराया घेतल्याचा कुठेच पुरावा नसेल, तर तो परवानगीने आला होता हे सिद्ध करता करता आपल्या नाकी नऊ येतात. म्हणजे भीती बारा वर्षांची बाळगू नये, कागद नसल्याची बाळगावी.

आता कायदा इतका बाजूने असताना माणूस पारखायची गरजच काय, असे वाटेल. गरज आहे. कायदा रोग झाल्यावर औषध देतो, औषधाला वेळ लागतो आणि पैसाही. बेणं निरोगी घेतलं तर फवारणीची वेळच येत नाही.

आधी आपले आपण ठरवावे

किरायेदार दारात उभा राहिल्यावर विचार करू नये. त्याच्या आधीच घरातल्यांनी बसून चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : किराया किती, अनामत किती, या घरात सोयीने किती माणसे राहू शकतात आणि गाड्या किती उभ्या राहतील. पाण्याची टाकी हजार लिटरची असेल तर आठ माणसांना ती पुरणार नाही, हे गणित आधी मांडावे. नागपूरचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि प्रत्येक खोलीला कूलर लागतो. कूलर दिवसभर पाणी पितो. खिडकीला कूलरचे स्टँड कोण लावणार, पाणी कुठून भरणार, मीटर वेगळे आहे की एकच, हे आधी न ठरल्यामुळे नागपुरात एप्रिल-मे महिन्यात घरमालक-किरायेदारांची जेवढी भांडणे होतात तेवढी किरायावरूनही होत नसतील.

जे ठरले ते येणाऱ्या प्रत्येकाला सारखेच सांगावे. एकाला एक अट आणि दुसऱ्याला दुसरी, असे करू नये. आपल्या कारखान्याच्या काट्यावर गाडी कोणाची हे पाहून वजन बदलत नाही. तोच न्याय इथे.

पहिल्या भेटीत काय विचारावे

माणूस घर पाहायला येईल तेव्हा घाई करू नये. चहा पाजावा, बसवावे, बोलते करावे. पोलिसासारखी उलटतपासणी नको. गप्पांच्या ओघात पुढील गोष्टी कळून येतात :

१) काम काय करता, कुठे, किती दिवसांपासून?
२) घरात राहणारे कोण कोण? सगळ्यांची नावे सांगा.
३) आत्ता कुठे राहता? किती वर्षे राहिलात? ते घर का सोडता?
४) कधीपासून यायचे आहे? किती दिवस राहायचा विचार आहे?
५) किराया कसा देणार, बँकेतून की रोख?
६) गाड्या किती? घरातून काही धंदा, शिकवणी, माल साठवणे असे करायचे आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. "बदली झाली", "घर लहान पडतं", "मुलीचं कॉलेज लांब पडतं", ही सरळ कारणे आहेत. पण जो माणूस दोन वर्षांत चार घरे बदलून आला आणि प्रत्येक घरमालकाला नावे ठेवतो, तो उद्या आपल्यालाही नावे ठेवील, हे ओळखावे. तसेच "आजच किल्ली द्या, सहा महिन्यांचा किराया आत्ता रोख मोजतो, कागदबिगद नंतर पाहू," असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. आगाऊ रोख रक्कम ही भल्या माणसाची खूण नव्हे. पुष्कळदा ती चौकशी टाळण्याची किंमत असते.

बोलणे झाले की आपणही लपवाछपवी करू नये. नळाला पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात गच्ची गळते का, शेजारी कारखाना किंवा मंगल कार्यालय आहे का, हे सांगून टाकावे. आपण त्याला पारखतो तसा तोही आपल्याला पारखतो. खोटे सांगून बसवलेला किरायेदार दोन महिन्यांत निघून जातो आणि पुन्हा दलाली आपल्यालाच पडते.

कागदपत्रे : कोणती आणि कशासाठी

आधार कार्ड आणि पॅन कार्ड मूळ पाहावे, फोटो जुळतो का ते पाहावे आणि झेरॉक्स ठेवावी. झेरॉक्सवर "घर किरायाने घेण्याकरिता" असे त्याच्याच हाताने लिहून तारीख-सही घ्यावी, म्हणजे त्या कागदाचा दुसरीकडे गैरवापर होत नाही. एक लक्षात असू द्यावे, आधार कार्ड माणसाची ओळख सांगते, त्याची नियत सांगत नाही. नुसते आधार घेतले म्हणजे चौकशी झाली, असे समजू नये.

नोकरदार असेल तर ओळखपत्र, शेवटच्या तीन महिन्यांची पगाराची स्लिप किंवा बँकेचा उतारा पाहावा. व्यापारी-व्यावसायिक असेल तर दुकानाचा परवाना, आयकर विवरणपत्र पाहावे. विद्यार्थी असेल तर कॉलेजची प्रवेश पावती, ओळखपत्र आणि आई-वडिलांचा पत्ता व फोन घ्यावा, आणि एकदा तरी वडिलांशी स्वतः बोलावे. कागद आपल्याकडे आले म्हणजे ती ठेव झाली. ती दलालाच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाईलवर फिरू देऊ नये.

मिळकतीचा एक साधा आडाखा आहे : किराया महिन्याच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असावा. चोवीस हजार मिळवणाऱ्याला आठ हजारांचे घर झेपते, चौदा हजारांचे झेपत नाही. तो आज हौसेने घेईल, पण मुलांची फी भरायच्या महिन्यात पहिला किराया थकेल तो आपला. मात्र हा आडाखा आहे, कायदा नव्हे. मिळकत थोडी कमी पण मागच्या घरी पाच वर्षे बिनचूक किराया दिलेला माणूस, मिळकत जास्त पण तोंडावर कर्ज असलेल्या माणसापेक्षा केव्हाही बरा.

चौकशी मागच्याच्या मागच्या घरमालकाकडे

चौकशी करायची म्हटले की सगळे आत्ताच्या घरमालकाला फोन लावतात. तो लावावाच, पण त्यावर विसंबू नये. किरायेदार त्रासदायक असेल तर आत्ताच्या घरमालकाला तो कधी एकदा जातो असे झालेले असते. तो "लाख माणूस आहे, डोळे मिटून द्या" असेच सांगणार! खरे बोलतो तो त्याच्या आधीचा घरमालक, कारण त्याचा आता काही संबंध उरलेला नसतो. म्हणून मागच्या दोन घरांचे पत्ते घ्यावेत आणि जमल्यास समक्ष जाऊन यावे. नागपूर काही एवढे मोठे नाही, नंदनवनहून प्रतापनगरला जायला अर्धा तास लागतो.

विचारताना प्रश्न असे असावेत की उत्तर नुसते हो-नाहीत संपणार नाही. "माणूस चांगला आहे का?" असे विचारले तर "हो" एवढेच मिळते. "किराया कितव्या तारखेला देत होते? घर सोडताना भिंती, नळ, दरवाजे कशा स्थितीत होते? अनामत किती परत केली? पुन्हा आले तर द्याल का?" हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर त्यातच उत्तर आले.

नोकरीच्या ठिकाणी चौकशी करताना त्याने दिलेल्या मोबाईलवर फोन करू नये. तो नंबर त्याच्या मित्राचाही असू शकतो. कार्यालयाचा नंबर आपण स्वतः शोधून लावावा. हिंगणा, बुटीबोरी, मिहान या भागांतल्या कंपन्यांत पुष्कळ माणसे ठेकेदाराकडे असतात. ते वाईट नव्हे, पण काम कायम आहे की ठेक्याचे, ठेका कधी संपतो, हे माहीत असावे.

नोकरी सैन्यात आहे, असे फोनवर सांगून फसवणारी टोळकी देशभर आहेत. कामठीला छावणी आणि शहरात वायुसेनेचे ठाणे असल्यामुळे नागपूरकराला ते पटकन खरे वाटते. घर न पाहताच "पसंत आहे, अनामत पाठवतो" म्हणतात आणि एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतात. आपण पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जातात. सभासदांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला.

जे विचारू नये ते

आता एका नाजूक पण महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. वर सहा प्रश्न दिले, त्यात एक प्रश्न आम्ही मुद्दाम दिलेला नाही, आणि नेमका तोच आपल्याकडे सर्वांत आधी विचारला जातो : "आडनाव काय?" म्हणजे खरे तर, जात कोणती. कोणी स्पष्ट विचारतात, कोणी "गाव कोणतं, पाव्हणे कुठले" असे वळसे घेऊन विचारतात, आणि नको ते उत्तर आले की "घर कालच दिलं हो" असे सांगतात.

१९१७ साली अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत राहिले. ओळख कळताच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. एवढा विद्वान माणूस एका खोलीवाचून सार्वजनिक बागेत बसून राहिला. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात दीक्षा घेतली. दीक्षाभूमीच्या शहरात घर देताना आपण अजून तोच प्रश्न विचारावा, ही शोभणारी गोष्ट नाही.

कायदाही याबाबत गप्प नाही. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला राहत्या घरात राहण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे.

आणि निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी हा प्रश्न निरुपयोगी आहे. किराया वेळेवर येईल की नाही हे जात सांगत नाही, धर्म सांगत नाही. ते मागचा घरमालक सांगतो, बँकेचा उतारा सांगतो. आपल्याच जातीतला, नात्यातला म्हणून चौकशी न करता ज्यांनी घर दिले, त्यांना विचारून पाहावे. नात्यातल्या माणसाकडे किराया मागताना जीभ रेटत नाही आणि नाते व किराया दोन्ही बुडतात. एकटी नोकरी करणारी बाई, विधवा, विद्यार्थिनी, यांनाही काही घरमालक दारातूनच परत पाठवतात. त्यांचीही चौकशी इतरांसारखीच करावी, जास्त नाही, कमी नाही. आपल्या सहकाराचे पहिलेच तत्त्व खुले सभासदत्व हे आहे. ते तत्त्व कारखान्याच्या फाटकात ठेवून घरी येऊ नये.

आपली मुलंही कोणाच्या तरी दारात उभी आहेत

नागपुरात आपल्या सभासदांची जितकी घरे किरायाने आहेत, त्याहून अधिक घरांतली मुलं-मुली तिथे किरायाने राहत असतील. कोणी मेडिकलला, कोणी व्हीएनआयटीला, कोणी स्पर्धा परीक्षेला, कोणी नर्सिंगला. त्यांनाही घरमालक विचारतो, "वडिलांची पगाराची स्लिप आणा." आता शेतकऱ्याने पगाराची स्लिप कुठून आणावी? आपला पैसा दर महिन्याला येत नाही. तो ऊस गेल्यावर येतो. कायद्याने तो चौदा दिवसांत यायला हवा, पण तोही एक-दोन हप्त्यांत येणार. अशा वेळी कारखान्याचे ऊसबिल, सातबारा आणि बँकेचे पासबुक दाखवावे आणि शक्य असल्यास दोन-तीन महिन्यांचा किराया एकदम बँकेतून भरावा. घरमालकाला विश्वास वाटतो.

आणि हाच विचार आपण घरमालक म्हणून बसलो असताना ध्यानात ठेवावा. समोर उभ्या असलेल्या पोराकडे स्लिप नाही म्हणून लगेच "नाही" म्हणू नये. त्याचा बाप गडचिरोलीत धान पिकवत असेल, यवतमाळला कापूस वेचत असेल. त्याच्या मिळकतीचा दुसरा पुरावा कोणता, ते विचारावे. चौकशी कडक असावी, मन कोते नसावे.

पसंती झाल्यावर : पोलिसांना खबर व नोंदणी

पसंती पक्की झाली की टोकन घ्यावे, त्याआधी नाही, आणि त्याची पावती द्यावी. नंतर तीन कामे किल्ली देण्याच्या आधी उरकावीत.

एक, पोलीस ठाण्याला किरायेदाराची माहिती देणे. नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अशी माहिती देण्याचे आदेश निघत असतात आणि आदेश मोडला तर घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ठाण्यात फॉर्म भरून द्यावा किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर भरावा, आणि पोच जपून ठेवावी. मात्र ही पोच म्हणजे माणूस किराया वेळेवर देईल याचे प्रमाणपत्र नव्हे. ती चौकशी आपली आपणच करायची आहे.

दोन, कराराची नोंदणी. लिव्ह अँड लायसन्सची मुदत जास्तीत जास्त साठ महिने ठेवता येते. मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि परत करायच्या अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. उदाहरण पाहा. किराया महिना ८,००० रुपये, मुदत १२ महिने, अनामत २५,००० रुपये. वर्षाचा किराया ९६,००० आणि अनामतीवर व्याज २,५००, मिळून ९८,५००. त्याचा पाव टक्का म्हणजे सुमारे २४६ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. म्हणजे सरकारी खर्च बाराशे-तेराशेच्या आसपास. एजंटचा मेहनताना आणि किरकोळ शुल्क वेगळे. आधारचा अंगठा देऊन ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. आठ हजारांचे तीन किराये बुडाले तर चोवीस हजार जातात, हे लक्षात घेता बाराशे रुपये वाचवणे म्हणजे टोपलीभर शेणखतासाठी उसाचा फड सोडण्यासारखे आहे.

करारात राहणाऱ्या सर्वांची नावे, किरायाची तारीख, वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे, पोटकिरायेदार ठेवायचा नाही, घर फक्त राहण्यासाठी वापरायचे, दोघांपैकी कोणालाही मधेच करार संपवायचा तर किती दिवसांची नोटीस, या गोष्टी स्पष्ट असाव्यात. अनामतीचा बाऊ करू नये. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो नमुना कायदा केला त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाइतकी मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे १९९९ चा कायदा चालतो, तरी अंदाजाला हे माप बरे.

तीन, ताबा देताना मीटरचे रीडिंग, नळ, पंखे, दरवाजे, भिंती यांचे फोटो दोघांसमोर काढावेत आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. काट्यावर भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं दोन्ही वजन होतं, तसंच हे.

किल्ली दिल्यानंतर

किराया बँकेतून घ्यावा. रोख घेतला तर त्याच दिवशी पावती द्यावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा, आधी फोन करून, घर पाहून यावे. पहिला किराया पंधरा दिवस थकला की लगेच विचारावे. "राहू दे, देईल बिचारा" म्हणत सहा महिने थांबू नये.

वाद झालाच तर वीज तोडणे, नळ बंद करणे, कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर टाकणे असले उद्योग कोणी करू नयेत. आवश्यक सेवा तोडायला कायद्याने बंदी आहे, आणि जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून पुन्हा ताबा मिळवू शकतो. आपण खरे असूनही मग आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायची पाळी येते. नोटीस द्यावी, वकील गाठावा, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

जाता जाता आणखी एक. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घराच्या किरायावरही नसेल, असा समज काही सभासदांचा आहे. तो चुकीचा आहे. किरायाचे उत्पन्न करपात्र आहे. पालिकेचा घरटॅक्स वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सूट मिळते, बाकीची रक्कम उत्पन्नात धरावी लागते. आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

थोडक्यात सांगायचे तर

— अटी आधी ठरवा, सगळ्यांना सारख्या लावा.
— मागच्या दोन्ही घरमालकांना भेटा, मागच्याच्या मागच्याचे जास्त ऐका.
— मिळकतीचा पुरावा पाहा, जात पाहू नका.
— घाईच्या रोख रकमेला भुलू नका. पैसे घेण्यासाठी पिन टाकू नका.
— पोलिसांना माहिती आणि कराराची नोंदणी झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.
— किराया बँकेतून घ्या, पावती ठेवा.

हे सगळे करायला दोन-तीन चकरा आणि चार-आठ दिवस लागतात. तेवढे दिवस घर रिकामे राहिले तरी चालेल. चांगला किरायेदार मिळाला तर त्याला जपावेही. वेळेवर दुरुस्ती करावी, दर वर्षी मनाला येईल तसा किराया वाढवू नये. पाच वर्षे टिकणारा माणूस हा चांगल्या खोडव्यासारखा असतो, लागणीचा खर्च वाचतो आणि उत्पन्न चालू राहते.

सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर नागपुरात शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही वाचायला द्यावा, अशी विनंती आहे. एक दिवस त्यांच्याही हातात किल्ली येणार आहे.